सुतारशाळेतील भुसा व धूळ : शोषण-नळांची आखणी

कुळव, पाभर, कोळपे ही औजारे, गोठ्याचे वासे, फळांची खोकी, मधमाश्यांच्या पेट्या आणि घराची दारे-खिडक्या यांसाठी शेतकऱ्यास आजही गावच्या सुताराकडे जावे लागते. मृगाच्या आधी महिना-दीड महिना तर सुतारशाळेत उसंत नसते. पूर्वी हे सर्व काम हातकरवत, वाकस आणि रंधा यांवर होत असे. हातरंध्याने निघणारे छिलके जाड व कुरळे असतात; ते पायाशी पडतात आणि संध्याकाळी चुलीत जातात. आता पुष्कळ ठिकाणी चक्री करवत, पट्टा करवत आणि थिकनेसर ही विजेवर चालणारी यंत्रे आली आहेत. त्यांची पाती मिनिटास हजारो फेरे घेतात. काम दहापट झाले ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्याबरोबर पिठासारखी बारीक धूळही कितीतरी पटींनी वाढली, आणि ती पायाशी न पडता सुताराच्या छातीत जाऊ लागली.

डोळ्यास दिसणारा भुसा हा या प्रश्नाचा निरुपद्रवी भाग आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान असलेले कण हवेत बराच वेळ तरंगत राहतात, नाकाच्या केसांना दाद देत नाहीत आणि फुप्फुसात खोलवर जातात. कवडशात चमकणारी धूळ आपणास दिसते. कवडसा नसलेल्या कोपऱ्यातही ती तितकीच असते. बाभळीच्या व सागाच्या धुळीने शिंका, खोकला, दमा जडलेले कारागीर ग्रामसेवकांच्या परिचयाचे असतील. शिसवीच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठते. याहून गंभीर बाब अशी की, इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या भागात नाकाच्या आतील पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग लाकूडकामगारांत वारंवार आढळतो, असे तेथील नाक-कान-घसा तज्ज्ञ डॉ. एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आले. त्यांचे व डॉ. अ‍ॅचेसन यांच्यासह इतर सहकाऱ्यांचे संशोधन १९६८ साली प्रसिद्ध झाले. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लाकडाच्या धुळीस मानवास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. हा रोग प्रकट होण्यास कित्येक दशके लागतात. म्हणून आज तरुण असलेल्या सुतारास आपले काही बिघडत नाही असे वाटते, आणि ते वाटणे फसवे आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने आपल्या चौदाव्या कलमात एक तत्त्व घालून दिले होते : धूळ जेथे उत्पन्न होते त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ तिचे शोषण करावे व ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. चार-दोन माणसांची गावची सुतारशाळा त्या अधिनियमाच्या कक्षेत येत नव्हती. परंतु धूळ काही कामगारांची संख्या मोजून पसरत नाही. तत्त्व सर्वत्र तेच लागू पडते आणि पुढील सर्व आखणी त्यावरच उभी आहे.

शोषण जवळूनच का करावे

दिवा फुंकरीने हातभर अंतरावरून विझविता येतो. पण तोच दिवा तितक्याच अंतरावरून हवा आत ओढून विझवून पाहावा. जमणार नाही. फुंकलेली हवा झोताने एका दिशेस जाते, तर ओढलेली हवा चोहोबाजूंनी गोळा होते. नळाच्या तोंडापासून नळाच्या व्यासाइतक्या अंतरावर गेले की ओढीचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरतो. म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाचा नळ पात्यापासून वीतभर दूर टांगला तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य समजावा. छताखाली मोठा पंखा बसवून सगळी खोली ओढून घेण्याचा विचार जे करतात, त्यांचा विजेचा खर्च होतो आणि धूळ सुताराच्या नाकावरून होऊन मग पंख्याकडे जाते.

यास्तव पहिला खर्च नळावर नव्हे, तर यंत्राच्या पेटीवर करावा. चक्री करवतीच्या टेबलाखालची बाजू पत्र्याने किंवा प्लायवूडने बंद करावी, तळास उतार द्यावा आणि उताराच्या तोंडाशी नळ जोडावा. पात्यावरील संरक्षक टोपीलाही एक लहान नळ द्यावा, कारण सर्वांत बारीक धूळ पात्याच्या वरच्या बाजूने कारागिराच्या तोंडाकडे उडते. पट्टा करवतीस टेबलाच्या लगेच खाली एक व खालच्या चाकाच्या पेटीस दुसरा असे दोन नळ हवेत. थिकनेसरची टोपी बहुधा यंत्राबरोबरच येते. नसल्यास पत्र्याची करून घ्यावी.

हवेचा पाट

शेतकऱ्यास नळाची आखणी समजण्यास फार वेळ लागू नये, कारण हा पाण्याच्या पाटाचाच प्रकार आहे. पाटाचे पाणी संथ झाले की गाळ बसतो. नळातील हवा संथ झाली की भुसा बसतो. लाकडाचा भुसा व ढलप्या वाहून नेण्यास नळातील हवेचा वेग सेकंदास सुमारे २० मीटर असावा लागतो. यापेक्षा बराच कमी झाल्यास आडव्या नळात भुशाची शेज तयार होते, ती वाढत जाते आणि एके दिवशी नळ तुंबतो. यापेक्षा बराच अधिक ठेवल्यास घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि मोटरीवर व्यर्थ भार पडतो.

वेग ठरला की नळाचा व्यास व हवेचे मान यांची सांगड आपोआप बसते. सेकंदास २० मीटर वेगाने ७५ मिलिमीटरच्या नळातून ताशी सुमारे ३२० घनमीटर, १०० मिलिमीटरच्या नळातून ५६५, १२५ मिलिमीटरच्या नळातून ८८५ आणि १५० मिलिमीटरच्या नळातून १,२७० घनमीटर हवा जाते. लहान चक्री किंवा पट्टा करवतीस दोन्ही तोंडे मिळून, तसेच ३०० मिलिमीटर रुंदीच्या थिकनेसरला, ताशी ८०० ते ९०० घनमीटर हवा पुरी पडते.

येथे दोन चुका नेहमी घडतात. पहिली चूक नळ अरुंद घेण्याची. १२५ मिलिमीटरच्या नळातून जाणारी हवा १०० मिलिमीटरच्या नळातून न्यावयाची म्हटल्यास रोध सुमारे तिप्पट होतो. पंखा तितका जोर करू शकत नाही आणि हवाच कमी येते. ही चूक लवकर लक्षात येते. दुसरी चूक अधिक फसवी, कारण ती उदारपणाने केलेली असते. घाटमाथ्यावरील एका बाजारगावी एका होतकरू सुताराने "मोठा नळ बरा" म्हणून २०० मिलिमीटरचा मुख्य नळ घातलेला प्रस्तुत लेखकाने पाहिला. पंखा ताशी ९०० घनमीटरचा. त्या नळात हवेचा वेग सेकंदास ८ मीटरच राहत होता. तीन महिन्यांत नळाचा खालचा निम्मा भाग भुशाने भरला, वजनाने एक टांगणी तुटली आणि नळ खाली आला. सुदैवाने त्या वेळी खाली कोणी नव्हते. त्या कारागिराने नंतर १२५ मिलिमीटरचा नळ घातला. तो आजही साफ आहे. जुना मोठा नळ त्याने कोंबड्यांच्या खुराड्यास पन्हाळ म्हणून वापरला, हे त्याचे व्यवहारज्ञान.

गुण्याचा हिशेब

शाखा-नळ व मुख्य नळ यांचा मेळ बसविण्यासाठी सुतारास नवे गणित शिकावे लागत नाही. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहताना तो एका बाजूवर तीन, दुसरीवर चार अशी खूण करतो आणि तिरक्या रेषेत पाच भरले की गुण्या बरोबर आहे असे म्हणतो. गोल नळांचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ७५ मिलिमीटरचा एक व १०० मिलिमीटरचा एक असे दोन नळ मिळून नेमके १२५ मिलिमीटरच्या एका नळाइतके होतात. तीन, चार, पाच. व्यासांची नुसती बेरीज करून १७५ मिलिमीटरचा मुख्य नळ घेणारा मनुष्य गुण्याच्या दोन बाजूंची बेरीज करून तिरकी रेषा काढू पाहणाऱ्यासारखा होय.

या हिशेबाचा आणखी एक लाभ असा की, चक्री करवतीस टेबलाखाली १०० मिलिमीटरचा व वरच्या टोपीस ७५ मिलिमीटरचा नळ दिला की दोन्ही मिळून मुख्य नळ पुरा भरतो. पट्टा करवतीसही तीच जोडी द्यावी. थिकनेसरला एकच १२५ मिलिमीटरचा नळ द्यावा. अशा रीतीने कोणतेही एक यंत्र चालू असता मुख्य नळातील वेग तोच राहतो. याउलट करवतीस केवळ १०० मिलिमीटरचे एकच तोंड दिले आणि बाकी झडपा बंद ठेवल्या, तर मुख्य नळातील वेग बराच खाली येतो आणि गाळ धरू लागतो. अशा वेळी मुख्य नळाच्या दूरच्या टोकाकडील एखादी झडप थोडी उघडी ठेवून वेग सांभाळावा.

एका शाळेचा आराखडा

नऊ मीटर लांब व सहा मीटर रुंद अशी शाळा, तीत वरील तीन यंत्रे, आणि एका वेळी एकच यंत्र चालणार, असे धरू. प्रथम जमिनीवर खडूने यंत्रांच्या जागा आखाव्यात. लांब फळी करवतीतून व थिकनेसरमधून पार जाईल इतकी मोकळी जागा दोन्ही अंगांस राहते की नाही हे पाहावे. नळासाठी यंत्रे हलविणे योग्य, परंतु नळासाठी कारागिराची काम करण्याची जागा आखडणे योग्य नव्हे. सर्वांत अधिक ढलप्या काढणारा थिकनेसर पंख्याच्या बाजूस असावा. पंखा व सायक्लोन भिंतीबाहेर, पावसापासून आडोसा असलेल्या पडवीत बसवावे.

मुख्य नळ भिंतीच्या कडेने, डोक्याच्या वर, सरळ न्यावा. शाखा त्यास वरून किंवा बाजूने, प्रवाहाच्या दिशेने ३० ते ४५ अंशांच्या कोनात मिळावी. ओढा नदीस मिळतो तसा हा संगम असावा. काटकोनात मिळणारी शाखा प्रवाह अडविते, आणि खालून मिळणाऱ्या शाखेत मुख्य नळातील भुसा उतरून बसतो. बाकाची त्रिज्या नळाच्या व्यासाच्या दीडपट तरी ठेवावी. असा बाक दोन-अडीच मीटर सरळ नळाइतका रोध करतो. तोच बाक काटकोनात कापून जोडला तर चौपट. लवचीक नळ यंत्राशी जोडण्यापुरता, मीटरभरच वापरावा, कारण त्याच्या वळ्यांमुळे रोध सरळ नळाच्या दोन ते तीन पट होतो.

आता रोधाची बेरीज करू. ती पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. सर्वांत दूरच्या यंत्रापासून सायक्लोनपर्यंत १० मीटर नळ, दर मीटरास ३.४ प्रमाणे ३४, दोन बाकांचे १४, लवचीक नळाचे ९, हवा टोपीत शिरून वेग घेईपर्यंत ४०, संगमाचे ५, सायक्लोनचे सुमारे ७५. एकूण १७७ झाले. थोडी सूट धरून २०० मिलिमीटर दाबावर ताशी ९०० घनमीटर हवा देणारा पंखा मागवावा. दुकानदार बहुधा "दोन अश्वशक्तीचा पंखा" एवढेच सांगतो. तेवढ्यावर समाधान मानू नये. किती दाबावर किती हवा, हे दोन्ही आकडे लिहून मागावेत. दाब शून्य असताना मिळणारी हवा सांगणारी जाहिरात आपल्या कामाची नाही. वरील कामास पंख्याची कार्यक्षमता निम्मी धरली तरी सुमारे एक किलोवॅट शक्ती लागते, म्हणून दोन अश्वशक्तीची पूर्ण बंदिस्त मोटर पुरेशी होईल.

सायक्लोन गावचा पत्र्याचे काम करणारा कारागीर करू शकतो. या हवेच्या मानास वरच्या दंडगोलाचा व्यास ४०० मिलिमीटर, उंची ८००, त्याखालचा शंकू ८००, आत शिरण्याचे आयताकृती तोंड २०० उंच व १०० रुंद, आणि मधल्या निर्गम-नळीचा व्यास २०० मिलिमीटर असे प्रमाण चालते. शंकूचे खालचे तोंड पुस्तकी प्रमाणानुसार १०० मिलिमीटर येते. परंतु थिकनेसरचे लांब छिलके त्यात अडकतात, म्हणून ते १५० मिलिमीटर ठेवावे. खालचे पिंप हवाबंद असले पाहिजे. पिंपाच्या झाकणास बोटभर फट राहिली तरी तेथून हवा वर शिरते आणि खाली पडलेला भुसा पुन्हा उचलून पंख्यातून बाहेर फेकते. सायक्लोन नीट काम करीत नाही अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा या फटीतच सापडते. पिंप तीन-चतुर्थांश भरण्यापूर्वी रिकामे करावे. पंखा सायक्लोनच्या पुढे, म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूस असावा. मग ढलप्या व चुकून आलेला खिळा पंख्याच्या पात्यांवर आदळत नाही.

अतिशय बारीक धूळ मात्र सायक्लोनमधूनही निसटते. थंड देशांत खोलीतील ऊब वाया जाऊ नये म्हणून कापडी गाळणीतून हवा पुन्हा खोलीत सोडतात. आपल्याकडे ती गरज नाही. हवा उंच नळाने बाहेर सोडावी आणि तितकीच ताजी हवा आत येण्यास समोरची खिडकी उघडी ठेवावी. निर्गमाचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे, विहिरीकडे किंवा गोठ्याकडे नसावे. वस्ती लागून असल्यास बाहेरच्या बाजूस कापडी गाळणी बसवावीच, व तिच्या रोधासाठी पंख्याच्या दाबात आणखी २५ ते ३० मिलिमीटर धरावेत.

नळ कशाचा असावा

जस्तलेपित पत्र्याचा गोल नळ उत्तम. त्याचे सांधे असे बसवावेत की आधीच्या तुकड्याचे टोक पुढच्या तुकड्याच्या आत, प्रवाहाच्या दिशेने जाईल. उलट बसविल्यास प्रत्येक सांध्यावर छिलके अडकतात. सर्व धातूचे भाग तारेने एकमेकांस व जमिनीस जोडावेत. शेतकऱ्याकडे ठिबक किंवा पाइपलाइनचे पीव्हीसी पाइप उरलेले असतात आणि ते वापरण्याचा मोह होतो. ११० व १४० मिलिमीटरचे पाइप मापाने जवळचे आहेत हे खरे. परंतु त्यांचे माप बाहेरून मोजलेले असते, त्यांचे एल्बो फार आखूड असतात, आणि कोरडा भुसा घासत गेला की त्यांवर स्थिर वीज साचते. पैशाची अडचण असेल तर ते वापरावेत, पण ९० अंशांच्या एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन तुकडे मध्ये थोडा सरळ नळ ठेवून जोडावेत.

आगीसंबंधी एकच गोष्ट विशेष बजावून सांगावीशी वाटते. औजारास धार लावण्याचे सहाणयंत्र या नळास कदापि जोडू नये. त्याच्या ठिणग्या वाऱ्याबरोबर थेट कोरड्या भुशाच्या पिंपात जातात आणि तेथे तासन्‌तास आतल्या आत धुमसतात. सुतारशाळेस लागून लोहाराची भट्टी असेल तर पिंप दुसऱ्या अंगास न्यावे. कडब्याची गंज व भुशाचे पिंप यांत चांगले अंतर हवे. जुन्या घराचे लाकूड करवतीवर घेण्यापूर्वी खिळे काढून घ्यावेत.

चालविताना

यंत्रणा बसविल्यावर पंखा कोणत्या दिशेने फिरतो हे प्रथम पाहावे. या जातीचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, पण फार कमी. त्यामुळे दोष ध्यानात येत नाही. खांबावरील दुरुस्तीत फेज बदलले गेले, तर चालू यंत्रणा दुसऱ्या दिवसापासून मंद होते आणि सुतार नळ तुंबला म्हणून नळ उकलीत बसतो.

मुख्य नळास सायक्लोनच्या जवळ पेन्सिलीएवढे छिद्र पाडून त्यास पारदर्शक प्लास्टिकची नळी लावावी, तिचा इंग्रजी यू अक्षरासारखा वळसा फळीवर ठोकून त्यात निम्मे रंगीत पाणी भरावे आणि बाजूस मोजपट्टी चिकटवावी. खर्च किरकोळ, पण वैद्याने नाडी पाहावी तसा हिचा उपयोग होतो. नवी यंत्रणा चालू असता प्रत्येक यंत्रासाठी पाण्याच्या दोन पातळ्यांमधील अंतर भिंतीवर लिहून ठेवावे. पुढे अंतर वाढले, तर यंत्र व छिद्र यांच्या दरम्यान कोठेतरी नळ तुंबला आहे किंवा झडप पुरी उघडलेली नाही. अंतर घटले, तर एखादी झडप चुकून उघडी राहिली आहे, सांधा सुटला आहे, पट्टा घसरतो आहे किंवा गाळणी धुळीने भरली आहे.

झडप यंत्राच्या हाताशी असावी. शिडी लावून उघडावी लागणारी झडप कोणी उघडीत नाही. पंखा यंत्रापूर्वी सुरू करावा आणि यंत्र थांबल्यावर मिनिटभर चालू ठेवावा, म्हणजे नळ धुऊन निघतो. इतके करूनही काही धूळ खोलीत राहणारच. ती कोरड्या केरसुणीने झाडू नये, कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच उडवू नये. जमीन ओल्या भुशाने किंवा ओल्या पोत्याने पुसावी आणि त्या वेळी नाकावर एन-९५ प्रकारची मुखपट्टी असावी. उपरणे गुंडाळल्याने बारीक धूळ अडत नाही.

पिंपातील भुशाचे काय करावे

प्लायवूड, सनमायका चिकटविलेले तुकडे, रंग दिलेले किंवा कीडनाशक मुरविलेले लाकूड यांचा भुसा वेगळ्या पिंपात घ्यावा. तो गोठ्यात, खुराड्यात, शेतात अथवा चुलीत जाऊ देऊ नये. साध्या लाकडाचे जाड छिलके कोंबड्यांच्या गादीस चांगले. बारीक भुसा तेथे घालू नये. पिल्ले तो खातात व धुळीने त्यांचाही श्वास कोंडतो.

कच्चा भुसा नांगरटीत मिसळण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. ती पिकास मारक आहे. लाकडाच्या भुशात कर्बाचे प्रमाण नत्राच्या कित्येक शेकडा पट असते. तो कुजविणारे जिवाणू जमिनीतील नत्र स्वतःसाठी खेचून घेतात आणि पीक पिवळे पडते. भुसा गोठ्यात मूत्र शोषण्यासाठी पसरावा, मग तो शेणाच्या व हिरव्या पाल्याच्या थरांबरोबर खड्ड्यात घालावा, शेणकाल्याने भिजवावा आणि महिन्या-दीड महिन्याने वरखाली करावा. एकूण ढिगात भुशाचा भाग चौथाईहून अधिक नसावा. खत काळे, भुसभुशीत होऊन त्यातील लाकडाचा कण बोटांत चुरडला जाईपर्यंत थांबावे. यास आठ महिने ते वर्ष लागते. खड्ड्याचा ओलावा उन्हाळ्यात टिकविण्यासाठी वर पाचटाचे आच्छादन ठेवावे.